मौनाच्या सोमवारची सायकल

"आमच्या हिची काही हरकत नाही," असं यांनी नानाशेठना सांगितलं, तेव्हा मी अजून दुकानाच्या पायरीवर चपला काढत होते. सायकल काळी का तांबडी, हेसुद्धा मला दिसलं नव्हतं. पण हरकत नाही, हे ठरून गेलं होतं.

एरवी मी म्हटलं असतं, "अहो, आधी बघू तरी द्या." कदाचित म्हटलंही नसतं. मी मुळातच हळू आवाजाची. सासूबाई गमतीनं सांगायच्या, घरात सून आलीय हे शेजाऱ्यांना थेट नातीच्या बारशालाच कळलं. पण त्या दिवशी म्हणण्या-न म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. श्रावणातला सोमवार होता आणि माझं मौन होतं.

त्या वर्षी चातुर्मासात मी सोमवारचं मौन धरलं होतं. सकाळच्या अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हुंकार द्यायचा नाही, गुणगुणायचं नाही, आणि पाटीवर लिहायचंही नाही. माझ्या आईचा नेम असाच होता. ती म्हणायची, लिहिलं म्हणजे बोललंच की, नुसता तोंडाचा त्रास हातावर ढकलला. मानेनं, डोळ्यांनी खुणावलं तर तेवढं देव चालवून घेतो. आणि मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा वाहायची. आपलं जे बोलायचं राहिलं ते देवानं त्या घंटेतून ऐकून घ्यावं, अशी आईची समजूत.

सोमवारी सायकल घ्यायला जायचं कारण एवढंच, की श्रावणी सोमवारी शाळा अर्धी सुटते. हे शाळेत मास्तर. दुपारी घरी आले ते टोपीसुद्धा न काढता म्हणाले, "चला! आज आणायचीच."

सायकलचं खूळ आमच्या घरात दोन महिने शिजत होतं. शाळा घराच्या कोपऱ्यावर, बाजार हाकेच्या अंतरावर, तशी कामासाठी सायकल लागत नव्हती. पण रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं हरिपूरला जायचो, संगमेश्वराच्या दर्शनाला. सांगलीहून हरिपूरचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी चिंचांची सावली. जाताना मजा यायची. येताना आमची चित्रा अर्ध्या वाटेत खाली बसायची आणि म्हणायची, "माझे पाय तुम्ही घेऊन चला, मी इथंच राहते." सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेता येत नाही आणि टांगा दर रविवारी परवडत नाही. नवी कोरी सायकल आवाक्याबाहेरची. मग भिशी लागली तेव्हा ठरलं की जुनी, पण धडधाकट अशी सायकल बघायची. रविवारी तिघांनी फिरायचं, बस्स. शर्यती लावायच्या नाहीत की दुधाच्या किटल्या वाहायच्या नाहीत.

चित्राला तर आठवडाभर झोप नव्हती. त्या दिवशी सकाळी मी दारात गोपद्मं काढली आणि वळून बघते तर पोरीनं प्रत्येक पावलाच्या खाली दोन-दोन चाकं काढलेली. बोलता येत नव्हतं म्हणून वाचली.

तर नानाशेठचं दुकान. पुढे नव्या सायकली, हँडलला अजून कागद गुंडाळलेले. त्यांच्याकडे आम्ही नुसतं बघून घेतलं, देवळात बाहेरूनच नमस्कार करावा तसं. जुन्या सायकली मागच्या बाजूला होत्या. रबराचा आणि तेलाचा वास, भिंतीला टांगलेली टायरं, आणि खाली ओळीनं उभ्या गाड्या. आमच्याकडे सायकलला गाडीच म्हणतात.

"मास्तर, हिच्याकडं बघा," नानाशेठ म्हणाले. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी एका काळ्या सायकलवर हात असा ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात. "अशी गाडी दुकानात रोज येत न्हाई. एकाच मालकानं वापरलेली. डायनॅमो आहे, कॅरिअर आहे, दांडी तर लोखंडी खांब. पुढं दांडीवर बेबी, मागं वहिनी, मधी तुम्ही. सगळा संसार एका गाडीवर!"

यांचा चेहरा उजळला. गाडी खरंच देखणी होती. काळा रंग असा चकचकीत, की त्यात चित्रा स्वतःचे दात बघत होती.

"बाबा, हीच! हीच!"

"थांब गं. आईला विचारू," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय? पसंत?"

मी काळ्या गाडीकडे बघतच नव्हते. तिच्या पलीकडे, भिंतीला टेकून, एक हिरवी सायकल उभी होती. शेवाळी हिरवी, कुठेकुठे रंग उडालेली. लेडीज सायकल. दांडी नाही, तिथं खाली वाकलेली नळी. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून दोऱ्यांची जाळी. आणि हँडलवर वाटीएवढी पितळेची घंटी. मी तिच्याकडे बोट केलं.

"ती?" हे हसले. "अगं, ती बायकांची."

मी मान हलवली. म्हणजे, होय, बायकांचीच.

"ती कोण चालवणार? मी?"

"नर्सबाईंची गाडी ती," नानाशेठ म्हणाले. "बदली झाली त्यांची, गेल्या टाकून. स्वस्तात आहे, पण तुमच्या काय कामाची? दांडीच न्हाई, बेबी बसणार कुठं?"

"ऐकलंस?" हे मला म्हणाले. "दांडी नाही तिला."

चित्रा मधे पडली. माझ्या मौनाच्या दिवशी ती स्वतःहून दुभाषी व्हायची. "बाबा, आईला ती सायकल नकोय. आईला तिची घंटी आवडलीय. काळीला ती घंटी लावून पाहिजे, हो ना आई?"

मी नाही म्हणून मान हलवली. पण तोवर यांनी विषय संपवला होता. "घंटी बदलून देतील की. देता ना हो नानाशेठ? मी जरा एक चक्कर मारून येतो." आणि काळी गाडी पायऱ्यांवरून उतरवून हे गेलेसुद्धा. चित्रा "बाबा, मला, मला" करत मागे धावली.

मी तिथंच एका स्टुलावर बसले. मनात म्हटलं, चालायचंच. काळी तर काळी. पोर खूश आहे, हे खूश आहेत. नेमधर्म करणाऱ्या माणसाला हट्ट शोभत नाही. असं मनाशी म्हणत होते आणि नजर मात्र परत परत त्या हिरव्या गाडीच्या पायडलवर जात होती.

"वहिनी, पाणी घेणार का?" नानाशेठनी विचारलं.

मी हात हलवून नको म्हटलं. निर्जळी उपास होता.

"मग च्या सांगू?"

परत हात हलवला, आणि ओठांवर बोट ठेवून आकाशाकडे दाखवलं. म्हणजे देवाचं व्रत आहे, बोलायचं नाही. नानाशेठ थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अरेरे," ते म्हणाले. "देवाची मर्जी, वहिनी. देवाच्या मनात आलं तर तो वाचा घेतो, कुणाला सांगून घेतो का?"

माझ्या ध्यानात आलं की ते मला मुकी समजले आहेत. मला हसू फुटत होतं. पण मौनात हसण्याचा आवाज चालतो की नाही, हे आईला विचारायचं राहून गेलं होतं. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मी रडते आहे. ते चटकन उठून मागे यशवंताकडे गेले. यशवंता त्यांचा मेकॅनिक, चाकाच्या तारा ताणत बसला होता.

त्यांनी आवाज काही फारसा खाली केला नाही.

"शेठ," यशवंता म्हणाला, "मास्तर तिघं बसणार म्हनं त्या गाडीवर?"

"बसू दे की."

"पुढचा नळा जोडलेला हाय तिचा. हँडलाच्या खाली. ट्रकनं दाबली होती गाडी. मीच वेल्डिंग करून आणलंय. एकटा मानूस चालवंल, पर दांडीवर पोरगी बसवून तिघं, आनि हरिपूरच्या खड्ड्यातनं…"

"मग काळा रंग दोन हात कशाला दिला?"

"शेठ, बाई बसल्यात तिथं."

"मुकी हाय ती बिचारी."

"मुकी हाय, पर कान?"

"मुकं मानूस बहिरंच असतं रे! म्हणूनच तर मुकं ऱ्हातं. गप तू तुझं काम कर."

दांडीवर बसलेली चित्रा डोळ्यांसमोर आली, चिंचांखालून जाताना दोन्ही हात वर करून फांदी धरायला बघणारी. आणि तिच्या पोटाखालची ती जोडलेली नळी.

तेवढ्यात हे आले. घामानं डवरलेले आणि पंचवीस वर्षांचे दिसत होते.

"लोणी आहे हो, लोणी!" हे म्हणाले. "काय पळते! चित्रा, सांग आईला."

"आई, मी दांडीवर बसले आणि बाबांनी हात सोडले!"

मी उठले आणि सरळ काळ्या गाडीजवळ गेले. हँडलच्या खाली बोट फिरवलं. रंग जाड लागला होता तिथं, मेणबत्तीचं मेण ओघळून वाळावं तसा उंचवटा. मी तिथं नखानं खरवडायला लागले.

"अगं अगं!" हे म्हणाले. "आपलीच व्हायची आहे ती. रंगाला नख कशाला लावतेस?"

"वहिनींना चकाकी आवडली," असं म्हणत नानाशेठ हलकेच माझ्या आणि गाडीच्या मधे येऊन उभे राहिले. आता त्यांचं हसू जरा आखडलं होतं. "मास्तर, पाऊस यायच्या आत घेऊन जा. उद्या एक गिऱ्हाईक बघायला यायचंय हिला."

यांचा हात खिशात गेला. मी तो हात धरला.

"काय गं?"

मी जोरानं मान हलवली. नाही, नाही, नाही.

"अच्छा, भाव करायचा राहिला म्हणतेस!" यांनी कपाळावर हात मारला. "बरोबर आहे. नानाशेठ, काही कमी होईल का हो?"

आमच्या यांना भाव कधी करता आला नाही. भाजीवालीनं 'नाही' म्हटलं की हे तिची माफी मागायचे. नानाशेठनी मोठ्या मनानं थोडं कमी केलं आणि वर हवेचा पंप देऊ केला. आता तर मास्तर पुरते विरघळले.

मी दाराबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर अजून ऊन होतं. दिवेलागणीला अवकाश होता. जिभेवर शब्द तयार होता, 'नको.' दोन अक्षरं. आणि नेम मोडला तर मोडला, देव समजून घेईल, असं मनात आलंसुद्धा. ओठ उघडणार, तेवढ्यात नजर परत त्या हिरव्या गाडीवर गेली. आणि त्याच वेळी एक गोष्ट लख्ख दिसली. देवानं मला बोलायला बंदी केली होती, पण बसून राहायला सांगितलं नव्हतं.

मी पदर कमरेला खोचला. निऱ्या जरा वर घेऊन आवळल्या. हिरवी गाडी भिंतीपासून ओढून काढली. स्टँड टाचेनं मागे सारला, खटकन्.

"इंदू?" हे म्हणाले.

मी गाडी पायरीवरून खाली घेतली. मागून नानाशेठ म्हणत होते, "वहिनी, अहो वहिनी, ती पडंल, जड हाय," आणि मग यांना, "मास्तर, त्यांना ऐकू येत न्हाई, तुम्ही धरा की!" हे काहीतरी विचारायला लागले, पण तोवर मी रस्त्यावर होते.

माझे वडील पोस्टमन होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावी दुपारी ते टपाल वाटून आले आणि आडवे झाले, की त्यांची खाकी पिशवी खुंटीला आणि सायकल माझ्या हातात. केवढी ती सायकल आणि केवढी मी! दांडीखालून पाय घालून, वाकडी होऊन, मी मळीच्या, काठावरच्या गाळाच्या शेतांच्या रस्त्यानं नदीपर्यंत जायची. गुडघे कायम फुटलेले. लग्न ठरलं तेव्हा आईनं गुडघ्यांना हळद लावता लावता म्हटलं होतं, "आता हे खेळ इथंच ठेव हो." मी ठेवले. सासरी कुणी मला सायकल चालवू नकोस म्हटलं नाही. येते का, हेही कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आणि आता ते येत असेल की नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

डावा पाय पायडलवर ठेवला. उजव्यानं जमीन ढकलली. एकदा, दोनदा. गाडी डगमगली, एका केळीवाल्याच्या गाड्याच्या दिशेनं निघाली. "ओ बाई!" तो ओरडला. आणि मग, कसं ते मला आजही सांगता येणार नाही, अंगातलं काहीतरी आपणहून ताठ झालं आणि मी सीटवर होते.

गाडी चालली होती. मी चालवत होते!

वारा पदरात शिरला. हळदीच्या पेठेकडून तो आपल्या सांगलीचा पिवळा, कोरडा वास आला. दोन पोरं बाजूला झाली, एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकून बघत राहिले. मी मारुतीच्या पारापर्यंत गेले. वळताना गाडी जरा कलली, पण हातांना सगळं आठवत होतं. पाराला वळसा घातला, मारुतीला मानेनंच नमस्कार केला. पोटातून एक आरोळी वर आली होती, लहानपणी उतारावर मारायची तशी. ती ओठांपर्यंत आली आणि थांबली. मौन! आता तिचं करायचं काय? ती काही परत खाली जाईना. मग माझा अंगठा घंटीवर गेला.

ट्रिंग्! ट्रिंग् ट्रिंग् ट्रिंग्!

सगळी पेठ वळून बघायला लागली. मी वाजवतच होते. समोर कुणीही नव्हतं, रस्ता मोकळा होता, तरी वाजवत होते.

"आई!" चित्रा दुकानाच्या पायरीवर उड्या मारत होती. "बाबा, आईला येते! आपल्या आईला येते!"

मी दुकानासमोर आले, ब्रेक दाबला आणि पाय टेकला. हे पायरीवर उभे. एका हातात पैशांचं पाकीट, दुसऱ्यात तो फुकटचा पंप.

क्षणभर आम्हा दोघांचंही मौन होतं.

"तुला येते?" शेवटी विचारलं.

मी मान हलवली.

"माहेरी शिकलीस?"

होय.

"अण्णांच्या सायकलवर?"

होय.

"आणि माझ्याशी लग्न होऊन…" यांनी वाक्य अर्धंच सोडलं. मग खाली उतरून हिरव्या गाडीभोवती एक फेरी मारली. जाळीला हात लावला. टायर दाबून बघितलं. घंटी एकदा वाजवून बघितली. "ही हवी तुला?"

मी इतक्या जोरानं मान हलवली की केसातलं फूल खाली पडलं.

"मास्तर, विचार करा," नानाशेठ घाईनं म्हणाले. "दांडी न्हाई तिला. बेबी कुठं बसंल?"

"बारकी शीट बसवून देतो की पुढच्या नळीवर," आतून यशवंताचा आवाज आला. "पाय ठेवायला पट्टीबी लावतो. पक्की बसंल पोरगी. गाडी जुनी हाय, पर एकदम खरी हाय."

नानाशेठनी वळून त्याच्याकडे असं बघितलं की मी त्याच्या जागी असते तर चाकामागे लपले असते.

"पण मागं कोण बसणार?" नानाशेठनी शेवटचा डाव टाकला. "वहिनी चालवणार म्हणल्यावर मास्तर, तुम्ही कॅरिअरवर बसणार? शाळेतली पोरं बघतील, गावभर होईल!"

ही गोष्ट मात्र खरी होती. यांचा चेहरा पडला. मी बघितलं, यांची नजर काळ्या गाडीकडे गेली, रस्त्याकडे गेली, छत्रीवाल्या म्हाताऱ्यांकडे गेली. ते अजून तिथंच उभे होते. चित्रा श्वास रोखून बापाकडे बघत होती. मी घंटीवर अंगठा ठेवून उभी होते. वाजवायची हिंमत होत नव्हती.

"बघू दे," हे म्हणाले. टोपी काढून खिशात घातली. धोतराचा सोगा वर घेतला आणि कॅरिअरवर एका बाजूला बसले, दोन्ही पाय जोडून, पाहुण्या बाईसारखे. "अगं, टोचतंय हे. नानाशेठ, याच्यावर काही गादीबिदी मिळेल का?"

छत्रीवाले म्हातारे मोठ्यानं हसले. हेही हसले. आणि मला वाटलं, देवा, दिवा लवकर लाव रे, मला या माणसाशी बोलायचंय.

पैसे दिले गेले. यशवंतानं पुढची सीट आवळून बसवली, तिच्यावर स्वतः जोर देऊन बघितलं, चित्राला बसवून बघितलं. कॅरिअरला जुन्या ट्यूबनं गोणपाटाची घडी बांधली. काम संपता संपता समोरच्या गच्चीवरचं ऊन गेलं. नानाशेठनी सवयीनं दुकानातलं बटण दाबलं. बल्ब लागला. त्यांनी तसबिरीपुढं निरांजन लावलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले. दूर कुठल्यातरी देवळात घंटा वाजली.

मी डोळे मिटून मनातल्या मनात संगमेश्वराला सांगितलं, नेम पुरा झाला बरं का. मग डोळे उघडले.

"नानाभाऊ," मी म्हणाले.

नानाशेठचे जोडलेले हात तसेच राहिले.

"त्या काळ्या गाडीचा पुढचा नळा जोडलेला आहे, हँडलच्या खाली. पुढच्या गिऱ्हाईकाला तेवढं सांगून विका. त्यांच्याकडेही एखादं लेकरू असेल दांडीवर बसायला."

मी हळूच म्हटलं होतं. माझा आवाज तेवढाच. पण सगळ्यांना ऐकू गेलं. यशवंता हातातला पाना तसाच धरून जमिनीकडे बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. नानाशेठचं तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं.

चित्रानं त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"आई," तिनं विचारलं, "हे काका मुके आहेत का?"

यशवंताला मग राहवलंच नाही. तो मागच्या दारानं बाहेर पळाला.

नानाशेठ पायरीपर्यंत सोडायला आले. "वहिनी," एवढंच म्हणाले, आणि वाचा परत गेली. पुढे काही दिवसांनी मी बाजारात त्या बाजूनं गेले तेव्हा बघितलं. ती काळी गाडी दुकानापुढं उभी होती आणि हँडलखालचा रंग खरवडून जोड उघडा केला होता. कुणी केला, शेठनी की यशवंतानं, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी हे म्हणाले, "घरी नको. आधी संगमेश्वराला नवी गाडी दाखवू." मी सकाळी पायी जाऊन आले होते, उपास सुटायचा होता, पण भूक कुणाला होती? मी चालवायला बसले. पुढं चित्रा, मागं गोणपाटावर हे. पेठेतून निघालो तेव्हा यांच्या वर्गातला कुणीतरी "नमस्कार सर!" म्हणून ओरडला. यांनी एका हातानं मला धरलं होतं, दुसऱ्यानं नमस्कार केला. "सुशिक्षित दिसतोय," मला म्हणाले, "हसला नाही."

"हसला, बाबा," चित्रा म्हणाली. "तुम्ही मागं बघत नव्हतात."

हरिपूरच्या रस्त्याला लागलो. चिंचांखाली अंधार उतरायला लागला होता. श्रावणी सोमवारच्या जत्रेहून परतणारी माणसं, पोरांच्या हातात भिरभिरी, बायकांच्या हातात प्रसादाच्या पुड्या. चढ लागला की मला दम लागायचा, मग हे उतरून मागून ढकलायचे आणि सपाटी आली की परत उडी मारून बसायचे. त्या उडीनं गाडी अशी हलायची की चित्रा किंचाळायची, आनंदानं.

"इंदू," जरा वेळानं मागून हे म्हणाले. "बरं झालं हं, तुला ते कळलं. नळा जोडलेला आहे म्हणून तू ही गाडी घ्यायला लावलीस. केवढं संकट टळलं."

मी थोडा वेळ पायडल मारत राहिले. एरवी मी "हो" म्हटलं असतं. तेवढंच सोपं होतं, तेवढ्यात सगळं झाकलं गेलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"काळी धडधाकट असती तरी मला हीच हवी होती. दुकानात शिरल्यापासून."

मला धरलेला यांचा हात जरा सैल झाला. चिंचेचं एक पान चित्राच्या केसात पडलं. मला वाटलं, दुखावले की काय.

"अजून काय काय हवं असतं तुला?" यांनी विचारलं. चेष्टेत नव्हे. शाळेत न येणाऱ्या मुलाला विचारतात तसं, जपून. "आज दिवसभर गप्प होतीस. आता दिवा लागलाय. बोल की."

इतकं होतं सांगण्यासारखं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. नदीचा आवाज जवळ आला होता. समोर उतार होता, आणि उताराच्या टोकाला संगमेश्वराचा दिवा.

मी घंटी वाजवली.